पेचोराचं वय

७ मे २०२५ च्या दुपारी देशभर भोंगे वाजले. नागरी संरक्षणाच्या सरावासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने काढलेल्या यादीत महाराष्ट्रातली १६ ठिकाणं होती. सर्वाधिक संवेदनशील अशा पहिल्या गटात त्यांतली तीनच होती: मुंबई, उरण आणि तारापूर. पुणे, नाशिक, ठाणे ही मोठी शहरं दुसऱ्या गटात आली आणि पालघर जिल्ह्यातलं तारापूर मुंबईच्या रांगेत बसलं.

तारापूर प्रकल्पाशेजारच्या घिवलीच्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. वलांडीवर बोंबील सुकत असतात आणि पाठीमागे अणुऊर्जा प्रकल्पाची उंच चिमणी दिसते, हे चित्र इथल्या दोन पिढ्यांनी पाहिलं आहे. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॉटच्या आणखी दोन आल्या, आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही शेजारची गावं उठली. प्रकल्पापासून १६ किलोमीटरपर्यंतच्या परिसराचं आपत्कालीन नियोजन करावं लागतं, हेही इथे ठाऊक आहे. पण त्या दिवशीचा भोंगा गळतीचा नव्हता, तो आकाशातून येणाऱ्या संकटाचा होता. कराची इथून सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटरवर आहे.

पुढच्या दोन-तीन रात्रींत ते संकट उत्तरेत प्रत्यक्ष आलं. ८ आणि ९ मेच्या मधल्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी पाकिस्तानकडून ३०० ते ४०० ड्रोन सोडले गेल्याचं भारताच्या अधिकृत निवेदनात सांगितलं गेलं. ते पाडणाऱ्या यंत्रणांची नावं शस्त्रसंधीनंतर जाहीर झाली, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. एस-४०० आणि आकाश यांची चर्चा घराघरांत होतीच, पण त्यांच्याबरोबर पेचोरा, ओसा-एके आणि कमी उंचीवर मारा करणाऱ्या विमानवेधी तोफा ही नावंही आली. पेचोरा सोव्हिएत सैन्यात दाखल झाली १९६१ मध्ये. म्हणजे तारापूरची पहिली अणुभट्टी सुरू होण्याच्या आठ वर्षं आधी.

एवढं जुनं क्षेपणास्त्र आजच्या युद्धात नेमकं काय करतं? ते नाइलाजाने ठेवलेलं असतं, की त्याला खरंच जागा असते?

पेचोरा आधी जवळून पाहायला हवी. एका लाँचरवर चार क्षेपणास्त्रं तिरकी बसवलेली असतात. प्रत्येकाचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, लांबी सहा मीटर, पल्ला २५ ते ३० किलोमीटर. क्षेपणास्त्राला स्वतःची बुद्धी जवळजवळ नसते. जमिनीवरचं रडार लक्ष्यावरही नजर ठेवतं आणि सुटलेल्या क्षेपणास्त्रावरही. केबिनमध्ये पडद्यासमोर बसलेले ऑपरेटर हातचाकं फिरवून लक्ष्याचा ठिपका मध्यावर धरून ठेवतात, आणि तिथून रेडिओने हुकूम जातात: डावीकडे, वर, आणखी थोडं. लक्ष्य जवळ आलं की स्फोट होतो आणि तुकड्यांचा झोत विमानाला फाडतो. नंतरच्या आवृत्त्यांत रडारच्या जोडीला टीव्ही कॅमेराही आला. शत्रूने रडार आंधळं केलं तरी त्याच्या आधाराने डोळ्यांनी नेम धरता यावा, हा त्यामागचा हेतू.

यातली प्रत्येक गोष्ट आजच्या मानाने मंद आहे. पण प्रत्येक गोष्टीत माणूस आहे, आणि १९९९ मध्ये नाटोने सर्बियावर हवाई हल्ले केले तेव्हा फरक पडला तो माणसामुळेच.

२७ मार्च १९९९ च्या रात्री बेलग्रेडजवळच्या बुजानोव्त्सी गावावर अमेरिकेचं एफ-११७ हे 'न दिसणारं' विमान पडलं. ते पाडणारी तुकडी हीच सोव्हिएत बनावटीची प्रणाली वापरत होती. तिचा प्रमुख झोल्तान दानी याने नवं शस्त्र काहीच आणलं नव्हतं. त्याने शिस्त आणली. रडारची लहर सुटली की नाटोची रडारवेधी क्षेपणास्त्रं तिच्या मागावर येतात, हे त्याला माहीत होतं. म्हणून नेम धरणारं रडार २० सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवायचं नाही, डाव साधला नाही तर बंद करायचं आणि सगळा संसार उचलून दुसरीकडे जायचं, हा त्याचा दंडक होता. एरवी ही प्रणाली हलवणं म्हणजे मोठं काम. त्याच्या माणसांनी ते पुन्हा पुन्हा घोकून कमीत कमी वेळावर आणलं. आणि टेहळणीसाठी त्याने लांब तरंगांचं पी-१८ रडार वापरलं. एफ-११७ चा आकार नव्या, आखूड तरंगांच्या रडारांना चकवायला घडवला होता. लांब तरंगांना तो तितकासा चकवू शकत नव्हता.

नाटोकडून ढिलाई झाली होती, हेही सांगायला हवं. विमानं रोज जवळपास त्याच वाटेने येत होती. सुमारे १३ किलोमीटरवरून दोन क्षेपणास्त्रं सुटली आणि त्यांतल्या एकाने काम केलं. वैमानिक डेल झेल्को पॅराशूटने उतरला आणि काही तासांनी हेलिकॉप्टरने सुखरूप परत नेला गेला. पुढे २ मे रोजी दानीच्या तुकडीने एक एफ-१६ देखील पाडलं. निवृत्त झाल्यावर दानीने बेकरी चालवली, आणि २०११ मध्ये तो आणि झेल्को एकमेकांना भेटले. त्या विमानाचे तुकडे आजही बेलग्रेडच्या विमान संग्रहालयात आहेत.

दानीची गोष्ट जगभरच्या हवाई संरक्षण दलांत सांगितली जाते. पण तेवढीच सांगितली तर फसगत होते, कारण दुसऱ्या बाजूची उदाहरणं कितीतरी जास्त आहेत. १९७३ च्या योम किप्पुर युद्धात इस्रायली विमानांना हैराण करणारी कुब ही प्रणाली तेव्हा कोरी करकरीत होती. भारतीय लष्कराने तिचीच निर्यात आवृत्ती क्वाद्रात या नावाने घेतली. योम किप्पुरनंतर नऊच वर्षांनी, ९ जून १९८२ रोजी, लेबननच्या बेका खोऱ्यात सीरियाच्या १९ पैकी १७ क्षेपणास्त्र तुकड्या एका दिवसात संपल्या. इस्रायलने आधी वैमानिकरहित विमानं आमिष म्हणून पाठवली. रडारं चालू झाली, त्यांच्या जागा कळल्या आणि मग खरा मारा आला. सीरियाच्या तुकड्या महिनोन् महिने एकाच जागी रोवलेल्या होत्या. दानी जे टाळत होता, तेच त्यांनी केलं होतं.

२०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या ४४ दिवसांच्या युद्धात हेच पुन्हा घडलं, आणि या वेळी साऱ्या जगाने ते पाहिलं. आर्मेनियाच्या ओसा गाड्या अझरबैजानच्या ड्रोनच्या कॅमेऱ्यात दिसायच्या आणि पुढच्या क्षणी पेटायच्या. ओसा तशी सोयीची गाडी आहे: रडार आणि सहा क्षेपणास्त्रं एकाच वाहनावर, पल्ला सुमारे १० किलोमीटर. पण ज्या उंचीवरून ते ड्रोन पाहत होते, तिथे तिची नजर नीट पोचत नव्हती आणि वरचं छत्र तिच्या डोक्यावर नव्हतं. अझरबैजानने तर जुनी दोन पंखांची अॅन-२ विमानं माणसाविना सोडून आमिषासाठी वापरली. जुन्या प्रणालीला आणखी जुन्या विमानाने उघडं पाडलं.

म्हणून 'जुनं ते सोनं' असं इथे सरसकट म्हणता येत नाही. एकटं पडलेलं जुनं क्षेपणास्त्र बहुतेक वेळा मरतं. तेच साखळीत गुंफलं, वरून कोणीतरी पाहून त्याला वेळेवर सांगत असलं आणि चालवणाऱ्यांचा हात बसलेला असला, तर ते उपयोगी पडतं. मे २०२५ मध्ये भारताच्या जुन्या प्रणालींना नेमकं हेच मिळालं. हवाई दलाची एकात्मिक नियंत्रण व्यवस्था आणि लष्कराची आकाशतीर यांनी वेगवेगळ्या रडारांचं चित्र एकत्र आणलं. त्यामुळे पेचोराच्या किंवा ओसाच्या तुकडीला आपलं रडार सतत फिरवत बसावं लागत नाही. लक्ष्य कुठून येतंय हे आधी कळतं आणि शेवटच्या टप्प्यातच स्वतःचा डोळा उघडता येतो. दानीला जे २० सेकंदांच्या तपाने साधावं लागलं, त्यातलं पुष्कळसं आता जाळं करून देतं.

दुसरं कारण पैशाचं आहे, आणि ते युक्रेनने शिकवलं. इराणी बनावटीच्या शाहेद ड्रोनची किंमत २० ते ५० हजार डॉलर असल्याचे अंदाज आहेत. पॅट्रियटचं एक आधुनिक क्षेपणास्त्र ४० लाख डॉलरच्या घरात जातं. रोज रात्री शंभर ड्रोन येत असतील तर हा हिशोब कुठल्याही देशाला परवडत नाही. म्हणून युक्रेनने मिळेल ते जुनं मागितलं आणि वापरलं. जर्मन सैन्याने २०१० मध्ये निवृत्त केलेल्या गेपार्ड या जुळ्या तोफांच्या रणगाडावजा गाड्या शाहेद पाडण्यात सर्वांत भरवशाच्या ठरल्या. १९६० च्या सुमारास अमेरिकी सैन्यात आलेली हॉक क्षेपणास्त्रं स्पेनने दिली. सोव्हिएत बुक लाँचरवर अमेरिकी नौदलाची सी स्पॅरो क्षेपणास्त्रं बसवून एक संकर तयार झाला, त्याला नाव पडलं 'फ्रँकनसॅम'. लिथुआनियाने ३६ बोफोर्स एल-७० तोफा पाठवल्या.

एल-७० हे नाव भारतीय तोपचीला परकं नाही. स्वीडनची ही ४० मिलिमीटरची तोफ भारताने १९६० च्या दशकात घेतली आणि पुढे इथेच बनवली. मिनिटाला सुमारे ३०० गोळे, पल्ला साडेतीन-चार किलोमीटर. सुपरसॉनिक विमानांसमोर ती काय करणार, असं म्हणून तिला कित्येकदा निरोप द्यायचं ठरलं. पण ड्रोन हळू उडतो, खालून उडतो आणि स्वस्त असतो, आणि हे तिन्ही गुण तोफेच्या पथ्यावर पडतात. दिवसा-रात्री पाहणारे कॅमेरे आणि आपोआप माग धरणारी यंत्रणा काही एल-७० तोफांवर बसवली गेली होती, आणि मे २०२५ मध्ये पंजाबच्या आकाशात त्यांनी आपली किंमत वसूल केली.

या सगळ्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. फाळणीनंतर विमानवेधी तोफखान्याची शाळा कराचीहून नाशिकजवळ देवळालीला आली. १९८९ मध्ये ती ओडिशातल्या गोपाळपूरला हलेपर्यंत भारतीय तोपचींच्या दोन-तीन पिढ्या देवळालीच्या माळावरच आकाशात नेम धरायला शिकल्या. हवाई संरक्षणाचं स्वतंत्र दल त्यानंतर, १९९४ मध्ये झालं.

नागपूरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. जुनी क्षेपणास्त्रं जिवंत ठेवण्याचं खरं काम या कमांडच्या दुरुस्ती डेपोंत होतं. क्षेपणास्त्राचंही आयुष्य ठरलेलं असतं. घन इंधन कालांतराने कडक होतं, त्याला भेगा पडू शकतात, रबरी सील सुकतात, जोडण्या गंजतात. कारखान्याने दिलेली मुदत संपली की प्रत्येक नग तपासून, काही उडवून पाहून, ही मुदत वाढवायची की नाही हे ठरवावं लागतं. कोकणात मीठ लागलेली हवा लोखंडाचं काय करते हे घिवलीच्या नाखव्याला सांगावं लागत नाही. त्याच हवेत पन्नास वर्षांचं यंत्र अचूक ठेवायचं म्हणजे काय, याची कल्पना त्यावरून यावी. पेचोराच्या बाबतीत २०२० मध्ये बंगळुरूच्या एका कंपनीला १६ प्रणाली डिजिटल करण्याचं सुमारे ५९० कोटींचं काम दिलं गेलं. क्षेपणास्त्र तेच, पण जुन्या इलेक्ट्रॉनिक नळ्या आणि खटक्यांच्या जागी नवे संगणक आणि पडदे.

याहून धाडसी प्रयोग आहे समर. दिल्लीच्या तुघलकाबादच्या ७ क्रमांकाच्या आणि नाशिकजवळ ओझरच्या ११ क्रमांकाच्या दुरुस्ती डेपोने खासगी कंपन्यांना सोबत घेऊन तो केला. आर-७३ आणि आर-२७ ही विमानाच्या पंखाखालून सुटणारी रशियन क्षेपणास्त्रं. मिग-२९ विमानं १९८७ च्या सुमारास पुण्याच्या लोहगाव तळावर आली, त्यांच्या कुळातली ही शस्त्रं. विमानावर वापरण्याची मुदत संपल्यावर ती निकालात काढायची वेळ येते. ओझर आणि तुघलकाबादच्या तंत्रज्ञांनी ती ट्रकवरच्या लाँचरवर चढवली. पहिल्या प्रकारचा पल्ला सुमारे १२ किलोमीटर, दुसऱ्याचा ३०. डिसेंबर २०२३ मध्ये आंध्रातल्या सूर्यलंकेच्या सरावात पहिला प्रकार उडवून दाखवला गेला आणि मे २०२५ मध्ये ही प्रणाली प्रत्यक्ष कामाला लागली. येमेनच्या हूथींनीही याच जातीची क्षेपणास्त्रं जमिनीवरून सौदी विमानांवर सोडली होती. त्यांनी ते टंचाईतून केलं. ओझरमध्ये त्याच कल्पनेला चाचणी, सुरक्षा आणि जाळ्याची जोड मिळाली, आणि त्या कामगिरीचं कौतुक नाशिककरांनी उघडपणे करायला हवं.

आकाश क्षेपणास्त्राचा धागाही इथूनच जातो. १९८३ च्या क्षेपणास्त्र विकास कार्यक्रमात ते सुरू झालं, आणि त्याच्या रॅमजेट इंजिनाची जातकुळी क्वाद्रातशी जुळते. पुण्याजवळच्या दिघीतल्या डीआरडीओच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेने त्याचा लाँचर घडवला. क्वाद्रात वर्षानुवर्षं वापरल्यानेच आपल्याला काय हवं आणि काय नको, हे लष्कराला नेमकं कळलं होतं. जुन्या प्रणालीचा हा उपयोग कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

एक धोका मात्र जुन्या क्षेपणास्त्रांबरोबर सावलीसारखा येतो: चुकीचं लक्ष्य. ४ ऑक्टोबर २००१ रोजी युक्रेनच्या सरावात सुटलेलं एस-२०० काळ्या समुद्रावर एका रशियन प्रवासी विमानाला लागलं आणि ७८ माणसं गेली. १७ सप्टेंबर २०१८ रोजी सीरियाच्या एस-२०० ने इस्रायली विमानांऐवजी आपल्याच मित्राचं, रशियाचं इल-२० पाडलं. त्यात १५ जण मेले. आपला कोण आणि परका कोण हे ओळखणारी यंत्रणा जुन्या प्रणालीत कच्ची असते, आणि घाबरलेला माणूस त्या कच्च्या जागेतून चूक करतो. नवी प्रणालीही यातून सुटत नाही. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगाममध्ये आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच नव्या क्षेपणास्त्राने पाडलं, आणि हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. मुंबईला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवासी विमानांच्या वाटा डहाणू-पालघरच्या आकाशातून जातात. इथे ही ओळख पक्की असणं म्हणजे हजारो जिवांचा प्रश्न आहे.

जुन्या प्रणालींची मर्यादाही स्पष्ट आहे. वरून कोसळणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राला पेचोरा अडवू शकत नाही. एकाच वेळी पाच दिशांनी ड्रोन आले तर एका रडारची एक तुकडी एकावरच नजर धरू शकते. सुटे भाग रशियातून यायचे, आणि २०२२ पासून रशियालाच त्यांची गरज आहे. नवं असलं की पुरतं, असंही नाही: १४ सप्टेंबर २०१९ ला सौदी अरेबियाच्या अबकैक तेलप्रकल्पावर ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रं आली तेव्हा आधुनिक पॅट्रियट असूनही ती अडली नाहीत. तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनांचे शेकडो कारखाने आहेत. त्यांच्या साठवणटाक्यांकडे पाहणाऱ्या शेजारच्या बोईसरकराला अबकैकचं दृश्य दूरचं वाटू नये.

अणुप्रकल्पांचा प्रश्न तर आणखी गंभीर झाला आहे. एप्रिल २०२४ मध्ये युक्रेनच्या झापोरिझ्झिया प्रकल्पातल्या एका अणुभट्टीच्या घुमटावर ड्रोन आदळला. १४ फेब्रुवारी २०२५ ला चेर्नोबिलच्या नव्या आच्छादनाला ड्रोनने भोक पाडलं. भारत आणि पाकिस्तान यांच्यात एकमेकांच्या अणुसंस्थांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपल्या संस्थांच्या याद्या एकमेकांना देतात, आणि संबंध अत्यंत ताणलेले असतानाही ही देवाणघेवाण थांबलेली नाही. हा करार मोलाचाच आहे. पण तो सरकारांना बांधतो. भरकटलेला, जॅमिंगने वाट चुकलेला ड्रोन कुठलीच यादी वाचत नाही. म्हणून अशा ठिकाणी कमी उंचीचं संरक्षण लागतं, आणि तिथे तोफ आणि छोटं क्षेपणास्त्र यांचं काम अजून संपलेलं नाही.

नव्या गोष्टीही येत आहेत. १३ मे २०२५ रोजी, शस्त्रसंधीनंतर तीनच दिवसांनी, नागपूरच्या सोलर समूहाच्या भार्गवास्त्र या ड्रोनविरोधी सूक्ष्म रॉकेट प्रणालीची चाचणी गोपाळपूरला झाली. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी सुदर्शन चक्र योजना जाहीर केली. २०३५ पर्यंत लष्करी तळांबरोबर नागरी महत्त्वाच्या जागांनाही छत्र द्यायचं, असं तिचं उद्दिष्ट आहे. ते छत्र पुरतं उभं राहीपर्यंतची दहा वर्षं जुन्या आणि नव्याच्या मिश्रणावरच काढायची आहेत.

त्या दहा वर्षांत घिवली, दांडी, उच्छेळी, नवापूरसाठी एक काम तातडीने व्हायला हवं. हवाई संरक्षणाचा सर्वांत जुना भाग म्हणजे इशारा, आणि तो आजही तितकाच लागतो. भोंगा जमिनीवर वाजतो. पण मासेमारीच्या दिवसांत गावातली निम्मी कर्ती माणसं किनाऱ्यापासून कित्येक मैल दूर, इंजिनाच्या आवाजात असतात. बोटींवर वायरलेस आहेत, सागरी पोलिसांच्या सागर कवच सरावांची लोकांना सवय आहे आणि मच्छीमार सोसायट्यांकडे प्रत्येक बोटीची नोंद आहे. हवाई इशारा या वाटेने बोटीपर्यंत कसा पोचेल, तो मिळाल्यावर बोटीने किनाऱ्याकडे यायचं की प्रकल्पापासून लांब थांबायचं, याचा सराव पुढच्या यादीची वाट न पाहता, १ जूनला पावसाळी मासेमारीबंदीसाठी बोटी किनाऱ्याला लागण्याआधी एकदा समुद्रातच घेता येईल.